आकाशगंगा तोलायला धारपलीकडे

"कूलर है क्या?" बेटम्याच्या पुढच्या टोलनाक्यावर खिडकीतल्या माणसाने आमच्या गाडीच्या टपाकडे बघत विचारलं.

"नहीं भिया, रेडिओ है," मी म्हणालो.

"इतना बड़ा? गाना कौन सा आता है इसमें?"

मागच्या सीटवरून माझे सासरे, नाना, म्हणाले, "अभी तक तो एक भी नहीं आया. इसीलिए जा रहे हैं."

त्या माणसाची चूक नव्हती. आमचा भोंगा खरोखरच कूलर बनवणाऱ्याकडून ॲल्युमिनियमचे पत्रे कापून घेऊन केलेला आहे. तोंड पाऊण मीटर रुंद, मागे निमुळता होत जाऊन एका चौकोनी डब्यात शिरणारा, आणि त्या डब्यात उभी केलेली बोटभर तांब्याची तार. आकाशगंगेत पसरलेला हायड्रोजन वायू एका ठरावीक लहरीवर सतत बारीक कुजबुजत असतो. ती कुजबुज ही तार पकडते. अंधार लागत नाही, भर दुपारीही काम चालतं. फक्त गावातल्या मोबाईल टॉवरांचा कलकलाट नको. म्हणून दिवाळी आटोपल्यावरच्या शनिवारी आम्ही तिघे इंदूरहून निघालो होतो.

निघण्याचं कारण मागच्या सीटवर बसलं होतं.

मी वीज मीटर तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करतो. मीटर बरोबर की चूक हे मी लावून बघितल्याशिवाय सांगत नाही, आणि बघितल्यावर माझी सही असते. खगोलशास्त्राचा नाद जुना आहे. मागच्या वर्षी आमच्या मराठी मंडळात मी सर्पिल आकाशगंगांवर बोललो. त्यांच्या कडेचे तारेही आतल्या ताऱ्यांइतक्याच वेगाने धावतात, त्यावरून तिथे न दिसणारं पुष्कळ वजन असलं पाहिजे, असं सांगितलं. टाळ्या झाल्या. मग पहिल्या रांगेतून नाना उठले. वय ब्याऐंशी, सारी नोकरी एका कापड गिरणीच्या फाटकावर, धर्मकाट्यावर गेलेली. रुईच्या गासड्यांनी भरलेले ट्रक तोलायचे.

"जावईबापू," ते म्हणाले, "जे दिसत नाही त्याचं वजन तुम्ही कुठल्या काट्यावर केलंत?"

"मी नाही केलं, नाना. शास्त्रज्ञांनी केलंय."

"मग सही कुणाची?"

सभागृह हसलं. मला हसता आलं नाही, कारण प्रश्न रास्त होता. यंदा मंडळाने पुन्हा बोलावलं तेव्हा मी सांगून टाकलं: स्वतः मोजलेलं काही असेल तर येईन, नसेल तर माझ्या जागी दुसरा वक्ता बघा, आणि मागच्या वर्षीचं वाक्य मी परत घेतलं असं समजा. व्याख्यान पुढच्या शनिवारी होतं. हातात हे दोन दिवस होते. नाना म्हणाले, "मीही येतो. काट्यावर समोरच्या पार्टीचा माणूस हजर लागतो."

बेटमा

टोलनाक्याच्या आधी आम्ही बेटम्याला कचोरीसाठी थांबलो होतो. इंदुरात कचोरीवर दही हवं का असं विचारतात. इथे विचारलं नाही. चटणी आणि कांदा घालून द्रोण हातात दिला. गाडी चालवणारे गायकवाड यांनी दोन खाल्ल्या. गायकवाड महूचे. वडील फौजेत, हेही फौजेत, सिग्नलमध्ये. निवृत्तीनंतर घरच्या गच्चीवर अँटेना उभारत बसतात. भोंग्याचा रिसीव्हर आणि लॅपटॉपकडचं सगळं त्यांचं.

मोकळ्या रस्त्याला लागल्यावर समोरून एक ट्रक हॉर्न दाबत आला आणि बाजूने निघून गेला. मी ती संधी सोडली नाही.

"नाना, ऐकलंत? येताना आवाज चढा होता, जाताना उतरला. हायड्रोजनचंही तेच. आपल्याकडे येणाऱ्या वायूची लहर थोडी चढते, दूर जाणाऱ्याची उतरते. किती उतरली ते मोजलं की वेग कळतो."

"वेग कळला. वजनाचं काय?"

"पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला तीस किलोमीटर धावते. शनी कितीतरी लांब, तो दहाच्याही आत. का? कारण सगळं वजन मध्ये, सूर्यात. लांब गेलं की ओढ कमी, म्हणून वेग कमी. आकाशगंगेतही वजन असंच मध्ये गोळा झालेलं असेल, तर आतला वायू खूप जोरात आणि बाहेरचा हळू धावला पाहिजे. वेग सगळीकडे सारखाच निघाला तर वजन पसरलेलं आहे."

नानांनी खिडकीची काच खाली केली. काढलेल्या सोयाबीनची शेतं, मध्ये गव्हासाठी नांगरलेली काळी जमीन.

"म्हणजे ट्रक न उघडता, त्याच्या चालीवरून माल कुठे रचलाय ते सांगायचं."

"हो."

"बघू," नाना म्हणाले. हा त्यांचा नेहमीचा शब्द. मुलगी द्यायच्या वेळीही ते माझ्या वडिलांना एवढंच म्हणाले होते.

मांडूच्या वाटेवर

धार सोडून मांडूच्या रस्त्याला लागलं की माळव्याची सपाटी संपत येते. जमीन अचानक खाली तुटते, दऱ्या सुरू होतात. अशाच एका खोलगट भागात गायकवाडांचे फौजेतले मित्र रामेश्वर पाटीदार यांचं शेत आहे. चारी बाजूंना टेकड्या, त्यामुळे मोबाईलला जेमतेम एक दांडी. गायकवाड दर दहा पावलांवर फोन बघत आणि खूश होत. नेटवर्क नाही म्हणून आनंदलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

रामेश्वरजींनी आधी पाणी दिलं, मग चहा, मग नानांसाठी खाटेवर गोधडी घातली, आणि त्यानंतरच भोंग्याकडे बघितलं. आमच्याकडे पाहुणा दारात असतानाच "काय आणलंत?" विचारून होतं.

"यो कंई है, भिया? तोप?"

"तोपच," गायकवाड म्हणाले. "फर्क इतना कि इसमें से निकलता कुछ नहीं, अंदर आता है."

आम्ही भोंगा लाकडी घोड्यावर चढवला. मोजणीआधी एक परीक्षा असते. भोंग्याचं तोंड जमिनीकडे करायचं, मग आकाशाकडे. जमीन ऊबदार, आकाश अतिशय थंड. दोन्हींच्या आकड्यांत ठळक फरक पडलाच पाहिजे. तो पडला की यंत्र जागं आहे.

फरक पडला नाही. जमीन आणि आकाश आमच्या भोंग्याला जवळजवळ सारखंच दिसत होतं.

मी घाबरलो नाही. मीटर बंद पडला तर काय करायचं हे मला ठाऊक आहे. एका टोकाला सुरुवात करायची आणि प्रत्येक सांधा तपासत दुसऱ्या टोकाला जायचं. केबल बदलली. ॲम्प्लिफायर बदलला. बॅटरी मोजली. लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. गायकवाड गच्चीवर सगळं चाललं होतं असं पुन्हा पुन्हा सांगत होते, आणि ते खरंच होतं. दसऱ्यानंतर आम्ही गच्चीवर ही परीक्षा घेतली होती. दिवाळीत भोंगा माझ्या घरी, समोरच्या खोलीत होता.

सूर्य टेकडीला लागला. आकाशगंगेचा जो भाग मोजायचा तोही पश्चिमेकडे कलत चालला होता. अर्धा वेळ गेला होता. शेवटी मी टॉर्च घेऊन भोंग्यात डोकं घातलं.

तांब्याच्या तारेभोवती नाडा गुंडाळला होता. पूजेचा, लाल, मध्ये चकचकीत जरीचा. पाच-सहा वेढे, वर गाठ, आणि सगळ्यावर गंधाचा वाळलेला थर. त्या तारेची लांबी आम्ही मिलिमीटरमध्ये मोजून कापली होती. तिला जरी गुंडाळणं म्हणजे तबल्याच्या शाईवर रुमाल टाकणं.

गायकवाडांनी आत बघितलं आणि खाली बसले. "भाभीजींनी पूजा केली, भिया!"

मी टेकडीवर चढून घरी फोन लावला. शुभा, माझी बायको, म्हणाली, "मी फक्त बाहेरून कुंकू लावलं हो. तुमच्या त्या डब्यात मी कशाला हात घालू? मागच्या वेळी नुसतं पुसलं तर केवढं बोललात!"

खाली आलो तर नाना खाटेवर ताठ बसलेले.

"तिला नका विचारू. नाडा मी बांधलाय. लक्ष्मीपूजनाला. गिरणीत दर दिवाळीला काट्याच्या दांडीला नाडा बांधायचो. मालक स्वतः यायचे. काट्याची पूजा झाल्याशिवाय नवीन रुईचा ट्रक आत घेत नव्हतो." मग जरा थांबून, "मुख्य जागा कुठली ते मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्हीच तार दाखवलीत."

हे खरं होतं. मी वर्तमानपत्र वाचता वाचता दाखवली होती.

"पण नाना, नाडा बांधल्यावर तुमचा काटा बिघडत नव्हता?"

"बिघडायचा ना! नाड्यालाही वजन असतंच. म्हणून बांधला की लगेच रिकामा काटा बघायचा, पासंग लावायचा, मग पहिला ट्रक. इथे दिवाळीनंतर रिकामा काटा कुणी बघितला?"

गायकवाडांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. कुणीच बघितला नव्हता.

"मग?" नाना म्हणाले. "अर्धी चूक तुमची."

बाफल्यांच्या विस्तवावर

गंध इतकं घट्ट बसलं होतं की नाडा सोडवताना तारेचा डाग, म्हणजे कथलाचा जोड, उखडला. विजेवरची डाग लावायची कांब गायकवाडांकडे होती, पण शेतावर त्या वेळी वीज नव्हती. इकडे शेतीची वीज पाळीपाळीने येते. आमच्या खात्याचा हा कारभार मी कागदावर रोज बघतो, अंगावर पहिल्यांदा घेतला.

अंगणात रामेश्वरजींच्या घरच्यांनी गोवऱ्यांच्या विस्तवात बाफले, उकडलेले कणकेचे गोळे, भाजायला लावले होते. गायकवाडांनी पेटीतून फौजेतली जुनी तांब्याच्या डोक्याची कांब काढली आणि बाफल्यांच्या शेजारी विस्तवात खुपसली.

"बाई साहेब, एक हमारा भी सेंक लो."

"घी लगाणो है कंई इने?" आतून उत्तर आलं, आणि सगळं घर हसलं.

कांब तापली, तार सरळ करून पुन्हा मोजली, डाग बसला. मग जेवलो. आमच्या इंदूरच्या घरीही रविवारी दाल-बाफले होतात, पण गॅसच्या भट्टीत, आणि तूप चमच्याने. इथे बाफला फोडून तुपाच्या पातेल्यातच बुडवला, आणि नको म्हणायला तोंड उघडलं तर त्याचा अर्थ आणखी एक असा घेतला. नानांनी तीन खाल्ले. डॉक्टरांनी तुपाला मनाई केली आहे याची मी आठवण दिली तेव्हा म्हणाले, "तुमच्या शास्त्रज्ञांनी केली असेल. मी नाही मोजलं."

जेवणानंतर भोंगा जमिनीकडे, मग आकाशाकडे केला. या वेळी फरक ठळक आला. नानांनी मला तो दोनदा करून दाखवायला लावला.

"हा रिकामा काटा?"

"हाच."

"मग ठीक." त्यांनी सोडवलेला नाडा खिशातून काढला आणि भोंग्याच्या बाहेरच्या मुठीला बांधला. बांधून झाल्यावर म्हणाले, "आता पुन्हा बघा." आम्ही पुन्हा बघितलं. फरक तसाच होता.

रविवार

सकाळी मी पुठ्ठ्यावर दोन आकडे लिहिले. आकाशगंगेच्या पट्ट्यावर, मध्यापासून तीस अंश बाजूला बघितलं, तर नजर जिथून जाते तिथला सगळ्यात आतला वायू मध्यापासून आपल्या निम्म्या अंतरावर असतो. आणि सगळ्यात वेगाने दूर पळतो तोही तोच. सूर्य स्वतः सेकंदाला सुमारे दोनशेवीस किलोमीटर फिरतो, हा आकडा मी पुस्तकातून घेतला. वजन सगळं मध्ये असेल, तर तो वायू आपल्यापासून जवळपास दोनशेच्या वेगाने दूर जाताना दिसला पाहिजे. वजन असं पसरलेलं असेल की वेग सगळीकडे सारखाच राहतो, तर एकशेदहाच्या आसपास.

"दोनशे की एकशेदहा," नानांनी पुठ्ठा हातात घेतला. "आता हा माझ्याकडे. मोजून झाल्यावर आकडा बदलायचा नाही."

दुपारी आम्ही भोंगा रोखला आणि पडद्यावर आवाजाची भिंत उभी राहिली. वीज आली होती, रामेश्वरजींचा पंप सुरू झाला होता, आणि त्याच्या मोटारीचा विजेचा कलकलाट भोंगा पकडत होता. पंप म्हणजे नुकत्याच पेरलेल्या गव्हाला पाणी. वीज किती वेळ राहील कुणालाच ठाऊक नाही. मी मागायला संकोचलो. गायकवाड गेले आणि दोघे मित्र बांधावर उभे राहून बराच वेळ हातवारे करत बोलले. मग पंप थांबला.

"काय सांगितलंत?"

"काही नाही. बोललो, पोस्टिंगवर असताना रेडिओ सायलेन्स पाळत होता ना, तेच समज. तो बोलला, तवा पगार भेटायचा."

पंप बंद असेपर्यंत काम उरकायचं होतं. तीस अंशांवर पडद्यावर हळूहळू एक उंचवटा वर आला, जसा दुधावर सायीचा जाड थर धरतो. त्याची टोकाची कड, म्हणजे सगळ्यात वेगवान वायू, बघायची. गायकवाडांनी पृथ्वीची स्वतःची धाव वजा केली, मी ती वजाबाकी कागदावर पुन्हा केली. नाना खुर्ची ओढून अगदी जवळ बसले होते.

"किती?"

"एकशेपंधरा," मी म्हणालो. "पाच-दहा इकडेतिकडे."

नानांनी पुठ्ठ्याकडे बघितलं. दोनशेकडे बघितलं, एकशेदहाकडे बघितलं. "पुन्हा तोला."

पुन्हा तोललं. तेच आलं. मग पंचेचाळीस अंश, साठ, पंचाहत्तर. प्रत्येक ठिकाणी सूर्याचा वाटा मिळवून वेग काढला: दोनशेपंचवीस, दोनशेचोवीस, दोनशेअठ्ठावीस, दोनशेसव्वीस. कागदावर चार टिंबं पडली, जवळजवळ आडव्या रेषेत. त्याच कागदावर मी एक वाकडी रेषा काढली, वजन मध्ये असतं तर जशी असती तशी. डावीकडे, मध्याच्या बाजूला, ती टिंबांच्या खूप वर गेली होती. गायकवाडांनी सलाम ठोकला, कुणाला ते कळलं नाही.

उजेड कमी होण्याआधी आम्ही पंधरा अंशांवरही बघितलं. आकडा आला दोनशेवीस.

"वा! पाचवा पण लाइन पर बैठ रहा है, भिया! लिहा."

"नाही लिहिणार."

"का?"

"आपल्या भोंग्याची नजर रुंद आहे. तिथे ती एका वेळी फार मोठा पट्टा बघते, आतलं-बाहेरचं एकत्र येतं. कड नीट दिसलीच नाही. मी अंदाजाने धरली."

"पण बरोबर आलाय ना!"

"म्हणूनच जास्त नको. चुकीचा आला असता तर तुम्हीच म्हणाला असता, सोडून द्या."

गायकवाड चिडले. "एवढी मेहनत केली, पंप बंद केला, और ये मास्टरजी पॉइंट फेंक रहे हैं! नानाजी, सांगा ना तुमच्या जावयाला."

नानांनी पुठ्ठा मांडीवर ठेवला.  बांधापलीकडे पंप पुन्हा सुरू झाला.

परतीच्या वाटेवर गायकवाड धारपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. धारला चहा घेतल्यावर बोलले.

इंदूर

व्याख्यानाला मागच्या वर्षीइतकीच माणसं होती. मी त्या चार टिंबांचा तक्ता टांगला आणि जे मोजलं तेवढंच सांगितलं. सूर्याचा वेग उसना आहे, तो चुकला तर माझे सगळे आकडे त्याच्याबरोबर हलतील, हे सांगितलं. आकाशगंगेचं वजन मध्यात गोळा झालेलं नाही, पसरलेलं आहे, एवढं आमच्या भोंग्यावर मोजून आलं, हे सांगितलं.

मागच्या रांगेतून एकाने विचारलं, "तो फिर वो न दिसणारं मॅटर आहे की नाही?"

"आहे असं मोजणारे सांगतात, आणि त्यांची मोजणी मी वाचली आहे. पण त्यासाठी सूर्याच्या पलीकडचा, कडेचा वेग मोजावा लागतो. तिथे ही युक्ती चालत नाही. तेव्हा मागच्या वर्षीच्या माझ्या वाक्यातला अर्धा भाग आज मी मोजून आणलाय. उरलेला अर्धा माझ्या काट्यावर अजून आलेला नाही."

टाळ्या मागच्या वर्षीपेक्षा कमी पडल्या. मी कागद गोळा करत होतो, तेवढ्यात पहिल्या रांगेतून नाना उठले. काठी टेकत तक्त्यापाशी आले. खिशातून पेन काढलं. शेवटच्या टिंबानंतर त्यांनी वरपासून खालपर्यंत एक उभी रेषा ओढली. गिरणीत शेवटच्या नोंदीनंतर ओढत असत तशी, मागाहून कुणी काही घुसडू नये म्हणून. रेषेच्या अलीकडे त्यांनी लिहिलं, "माझ्यासमोर तोललं," आणि खाली सही केली. सही पूर्ण नावाची होती.

तक्ता आता आमच्या छत्रीबागेतल्या घरी, समोरच्या खोलीत आहे. नानांच्या रेषेच्या पुढे, सूर्यापलीकडच्या अंतरांच्या जागी, बराच कोरा कागद उरला आहे. परवा फ्रेमवाल्याकडे द्यायचा म्हणून शुभा म्हणाली, तेवढा कापून टाकू, उगीच काच मोठी लागेल.

"कापू नकोस," नाना म्हणाले. "ट्रक अजून काट्यावरून उतरलेला नाही."